राजीनाम्याआधी रजा मागा
संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मुलींसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी हिशेबाच्या काही गोष्टी

अभियांत्रिकीचा निकाल लागला आणि मुलीला पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळाली की कोल्हापुरातील घरात पेढे वाटले जातात. अब्बांच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाईकालाही ही बातमी कौतुकाने सांगितली जाते. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु त्याच घरात पाच-सहा वर्षांनी गेल्यास अनेकदा वेगळे चित्र पाहावयास मिळते. लग्न झाले, मूल झाले, नोकरी सुटली आणि पदवीचे प्रमाणपत्र कपाटात जाऊन पडले. विचारले तर उत्तर येते, "सध्या सोडली आहे, पुढे बघू." हे 'पुढे' पुष्कळदा येतच नाही.

मुलीने नोकरी करावी की करू नये, हा प्रत्येक घराचा आपापला निर्णय आहे. त्यात बाहेरच्याने बोलण्याचे कारण नाही. मात्र जिला काम करावयाचे आहे आणि जिच्या घरच्यांचीही ना नाही, अशा मुलीची नोकरी केवळ माहितीच्या अभावी व घाईच्या निर्णयामुळे सुटत असेल, तर तो तोटा टाळता येण्याजोगा आहे. व्यापारी माणूस मंदी आली म्हणून दुकानाचा परवाना परत करीत नाही. तो माल कमी भरतो, वेळ कमी करतो, पण फळी उघडी ठेवतो. नोकरीचेही तसेच आहे. राजीनामा हा शेवटचा उपाय होय. त्याच्या आधी रजा, कामाच्या वेळेतील बदल, घरून काम, बदली असे चार दरवाजे आहेत. ते ठोठावण्यापूर्वीच आपल्याकडील मुली शेवटच्या दाराने बाहेर पडतात.

शिक्षणाची सोय झाली, पुढचे काय?

कोल्हापूर व आसपासच्या भागात तांत्रिक शिक्षणाची सोय आता कमी नाही. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. इचलकरंजीत १९८२ साली डी. के. टी. ई., कोल्हापुरात १९८३ साली कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व १९८४ साली कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय हवे असेल तर पुण्याचे कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे. पदविकेसाठी तासगावला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे.

फीच्या बाबतीतही दोन गोष्टी पालकांनी ध्यानात घ्याव्यात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल घटक व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे, अशी अट आहे. बागवान, मोमीन आदी अनेक मुस्लिम जाती राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत, आणि ज्यांना कोणतेच आरक्षण नाही त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. दाखल्यांची तयारी बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीतच सुरू करावी. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत काय गर्दी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरी 'प्रगती' शिष्यवृत्ती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ही शिष्यवृत्ती पदवी व पदविकेच्या मुलींना देते. निवड झाल्यास वर्षाला ५० हजार रुपये मिळतात आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत तिचा लाभ घेता येतो.

म्हणजे शिकण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. खरी अडचण पुढे येते, आणि तिचे नाव अंतर. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. नोकरी तिकडे, माहेर इकडे आणि सासर सांगलीला किंवा मिरजेला. राहण्याच्या सोयीविना शिक्षण पुढे जात नाही, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढून बोर्डिंगचा पाया घातला आणि पुढे एकेक समाजाची वसतिगृहे उभी राहिली. त्या वेळी प्रश्न खेड्यातून शहरात शिकावयास येणाऱ्या मुलांचा होता. आज तोच प्रश्न पुण्यात नोकरीस जाणाऱ्या मुलींचा आहे. केंद्र सरकारची 'सखी निवास' ही नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना असून तिच्यात लहान मुलांच्या पाळणाघराचीही तरतूद आहे. नोकरी पाहताना पगाराइतकीच राहण्याच्या जागेची चौकशी आधी करावी.

तीन जुनी उदाहरणे

तंत्रज्ञानाचे काम बायकांचे नव्हे, असे आजही कोणी कोणी बोलतो. त्याला उत्तर आपल्या जवळच आहे.

धारवाड-हुबळी भागातून आलेल्या सुधा कुलकर्णी, ज्यांना आज सर्वजण सुधा मूर्ती म्हणून ओळखतात, १९७४ साली बंगळूरला संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होत्या. टेल्को कंपनीची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे तीत म्हटले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याबद्दल नाराजी कळविली. कंपनीने त्यांना पुण्यास मुलाखतीला बोलाविले आणि नोकरी दिली. एका पोस्टकार्डाने दार उघडले.

दुसरे उदाहरण लीला पूनावाला यांचे. फाळणीनंतर सिंधमधून त्यांचे कुटुंब निर्वासित म्हणून आले. त्यांनी पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६७ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे त्या अल्फा लावल या कंपनीच्या भारतातील प्रमुख झाल्या. १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलींच्या तांत्रिक शिक्षणासाठी त्यांनी १९९५ साली शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली.

तिसरे उदाहरण इंग्लंडचे आहे, पण आपल्या विषयाला तेच सर्वांत जवळचे. स्टेफनी शर्ली ही ज्यू मुलगी १९३९ साली निर्वासित म्हणून इंग्लंडला पोहोचली. मोठी झाल्यावर ती संगणकाच्या कामात शिरली, पण स्त्री म्हणून तिला वर चढू दिले जाईना. १९६२ साली तिने अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर स्वतःची कंपनी काढली. लग्न झाल्यामुळे किंवा मूल झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर स्त्रियांना तिने घरबसल्या काम दिले. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. बाईच्या सहीच्या पत्रांना उत्तर येत नाही, हे पाहून ती 'स्टीव्ह' अशी पुरुषी नावाने सही करू लागली. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या नोंदी तपासण्याचा प्रोग्रॅम याच स्त्रियांनी घरी बसून लिहिला. इंटरनेट नव्हते, घरात संगणकही नव्हता. प्रोग्रॅम कागदावर लिहिला जाई व टपालाने जाई. त्या काळात घरून काम होऊ शकले, तर आज घरोघरी इंटरनेट असताना ते अशक्य आहे असे कसे म्हणता येईल?

राजीनाम्याचा खरा तोटा

आता हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, एका मुलीला पाच वर्षांच्या अनुभवानंतर महिना ४० हजार रुपये पगार आहे. मूल झाल्यावर ती नोकरी सोडते व तीन वर्षांनी परत काम शोधते. तिच्याबरोबरची मैत्रीण नोकरीत टिकून राहते व तिला वर्षाला १० टक्के वाढ मिळते. मैत्रिणीला पहिल्या वर्षी ४ लाख ८० हजार, दुसऱ्या वर्षी ५ लाख २८ हजार व तिसऱ्या वर्षी ५ लाख ८० हजार ८०० रुपये मिळतात. एकूण १५ लाख ८८ हजार ८००. हा झाला दिसणारा तोटा.

न दिसणारा तोटा पुढे आहे. चौथ्या वर्षी मैत्रिणीचा पगार महिना ५३ हजार २४० होतो. आपली मुलगी खंडानंतर परत येते तेव्हा तिला ३५ हजारांवर समाधान मानावे लागले, असे धरू. म्हणजे दर महिन्याला १८ हजार २४० व वर्षाला २ लाख १८ हजार ८८० रुपयांचा फरक. हा फरक एका वर्षात भरून निघत नाही. पुढची प्रत्येक वाढ कमी पगारावर मोजली जाते.

"पगारातले निम्मे तर मूल सांभाळणाऱ्या बाईलाच द्यावे लागेल, मग उपयोग काय?" असा प्रश्न घरात हमखास निघतो. मूल सांभाळण्यास महिना १२ हजार रुपये खर्च झाला, असे धरले तरी तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार होतात. १५ लाख ८८ हजारांच्या तुलनेत तो पावहिश्श्याच्या थोडा वर जातो. शिवाय हा खर्च आईच्याच पगारातून का वजा करावयाचा? मूल दोघांचे असेल तर खर्चही दोघांच्या खात्यावर पडला पाहिजे.

आणखी एक बारकावा. नियमित नोकरीत सलग पाच वर्षे सेवा झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते. प्रसूती रजेचा काळ त्या सेवेत धरला जातो. चार-साडेचार वर्षांवर घाईने राजीनामा देणारी मुलगी ही रक्कम हातची घालवून बसते. तारखा पाहूनच निर्णय घ्यावा.

कायद्याने काय दिले आहे

कायदा आपल्या बाजूने असूनही तो माहीत नसल्याने उपयोगात येत नाही, अशी स्थिती आहे. मुख्य तरतुदी अशा :

प्रसूती रजा : २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे झाली. त्यापैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन मुले असलेल्या स्त्रीस पुढील प्रसूतीसाठी १२ आठवडे मिळतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच अट. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ही तरतूद लागू होते. केवळ आयटीच्या मोठ्या कंपन्यांनाच ती लागू आहे, हा समज चुकीचा आहे. या रजेच्या काळात नोकरीवरून काढणे बेकायदा आहे.

कर्मचारी विमा : पगार महिना २१ हजार रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर प्रसूतीचा लाभ मालकाकडून नव्हे, तर विमा महामंडळाकडून मिळतो. लहान कंपनीतील मुलींनी आपला विमा क्रमांक निघाला आहे की नाही, हे पाहून ठेवावे.

घरून काम व पाळणाघर : रजा संपल्यावर कामाचे स्वरूप तसे असेल, तर मालक व कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येते. तसा उल्लेख कायद्यातच आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे व आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रसूती रजेच्या वरील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक आहे. सारख्या कामास सारखा पगार हे तत्त्व १९७६ च्या कायद्यापासून आहेच. स्त्रियांना रात्रपाळीस लावावयाचे असल्यास त्यांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. रात्रपाळीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ने-आण करणाऱ्या गाडीची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

छळाविरुद्ध संरक्षण : सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक सूचना दिल्या व २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कर्मचारी दहाहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. कार्यालयाच्या गाडीत किंवा कामानिमित्त गेलेल्या ठिकाणी घडलेला प्रकारही त्यात येतो. त्रास झाला म्हणून मुलीनेच गप्प राहून नोकरी सोडावी, हा न्याय नव्हे.

कोणते काम निवडावे?

संगणक क्षेत्र म्हणजे केवळ प्रोग्रॅम लिहिणे नव्हे. प्रोग्रॅम तपासणे, माहितीसाठ्याची देखभाल, कंपनीचा खरेदी-विक्री व साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या ईआरपी प्रणालीची मांडणी, ग्राहकाला मदत, माहितीचे विश्लेषण, यंत्रभागांचे आरेखन अशी अनेक कामे त्यात येतात. मुलीने काम निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे काम उद्या माझ्याबरोबर दुसऱ्या गावी येईल काय? ज्या कामासाठी विशिष्ट कार्यालयातच बसावे लागते, त्यापेक्षा जे काम कोठूनही करता येते ते अडचणीच्या काळात टिकते.

कोल्हापूरच्या मुलींना आणखी एक संधी घराजवळ आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथील फाउंड्री व यंत्रकारखाने हीच या शहराची ओळख आहे. या कारखान्यांना आता संगणकाची माणसे लागतात. साच्यात लोखंडाचा रस ओतल्यावर तो कोठे आधी थिजेल, कोठे पोकळी राहील, हे आता प्रत्यक्ष ओतण्याआधी संगणकावर पाहता येते. एक कास्टिंग वाया गेले तर वीज, माल व मजुरी तिन्ही वाया जातात. म्हणून हे काम नीट जाणणाऱ्या माणसाला मान आहे. सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम करणे, भागांची त्रिमिती चित्रे काढणे, कारखान्यात ईआरपी बसविणे, परदेशी ग्राहकाशी तांत्रिक पत्रव्यवहार करणे ही सर्व कामे स्त्रिया करू शकतात, आणि यांपैकी काही घरूनही होतात. पुण्यापेक्षा येथे पगार कमी दिसेल. पण खोलीभाडे, मेस व दर शनिवारचा प्रवास वजा केल्यास हाती काय उरते, ते मोजून मगच तुलना करावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील, अशी भीती आज सर्वत्र आहे. साध्या, त्याच त्या स्वरूपाच्या कामांवर तिचा परिणाम होतो आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. यावर उपाय म्हणजे संगणकाबरोबर आणखी एका धंद्याचे ज्ञान जोडणे. केवळ प्रोग्रॅम येणारी मुलगी आणि प्रोग्रॅमबरोबर फाउंड्री, वस्त्रोद्योग, साखर कारखाना किंवा दवाखान्याचे कामकाज समजणारी मुलगी, यांत दुसरीची जागा अधिक पक्की असते.

राजीनाम्याआधीची पावले

पहिले, नेमणुकीचे पत्र पुन्हा वाचा. रजा, नोटिशीचा काळ, बाँड व बदली यांविषयी काय लिहिले आहे, ते आधी पाहा. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कंपनीकडे ठेवू नका. पाहण्यास द्यावीत, पण ठेवण्यास देऊ नयेत.

दुसरे, मागणी लेखी करा. साहेबांशी तोंडी बोलणे झाले तरी त्याच दिवशी ई-मेलने कळवा. "मला नोकरी सोडावी लागेल बहुतेक," असे बोलण्याने समोरचा माणूस तुमची बदली शोधू लागतो. त्याऐवजी "२६ आठवड्यांच्या रजेनंतर मला सहा महिने घरून काम हवे आहे, त्या काळात मी ही ही कामे पूर्ण करू शकेन," अशी नेमकी मागणी ठेवा. नेमक्या मागणीला नेमके उत्तर द्यावे लागते.

तिसरे, भरपगारी रजा अपुरी वाटल्यास बिनपगारी रजा मागा. वरील उदाहरणात सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा खर्च २ लाख ४० हजार रुपये होतो. राजीनाम्याच्या तोट्यापुढे तो लहान आहे आणि नोकरीचा धागा तुटत नाही.

चौथे, आपल्या कामाची वही ठेवा. दर महिन्याच्या अखेरीस कोणते काम केले, त्याने कंपनीचा किती वेळ वा पैसा वाचला, काय नवे शिकले, हे चार ओळींत लिहा. कंपनीची गुप्त माहिती तीत लिहू नये. पगारवाढ मागताना व नवी मुलाखत देताना ही वही बोलते. आपल्याकडील मुली काम पुष्कळ करतात, पण सांगण्याची वेळ आली की संकोचतात. आपण केलेले काम सांगणे ही बढाई नव्हे. दुकानदार आपला माल फळीवर मांडतो, त्यातलाच हा प्रकार.

पाचवे, पैसे स्वतःच्या नावावर ठेवा. पगाराचे खाते, भविष्य निर्वाह निधीचा युएएन क्रमांक व त्याला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचा असावा. नोकरी बदलताना निधीची रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करून घ्यावी. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर आधार, पॅन, बँक व निधी या चारही ठिकाणी ते एकसारखे करून घ्या. एका अक्षराच्या फरकामुळे हक्काचे पैसे अडकून राहतात. नाव बदलण्याची सक्ती नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खंड पडलाच असेल तर

ज्या भगिनींची नोकरी आधीच सुटली आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. मात्र चार वर्षांपूर्वीच्या अर्जावर तारीख बदलून तोच पाठवणे उपयोगाचे नाही. आधी तीन-चार महिने दररोज दोन तास ठरवून अभ्यास करावा. केंद्र सरकारच्या 'स्वयम' व आयआयटींच्या 'एनपीटीईएल' येथे तांत्रिक विषयांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. त्यानंतर ओळखीच्या कारखान्याचे, दुकानाचे किंवा शाळेचे एखादे लहान काम रीतसर पैसे ठरवून करावे. मुलाखतीत खंडाचे कारण लपवू नये. "तीन वर्षे मुलासाठी घरी होते, गेले सहा महिने हे शिकले व हे काम केले," असे सरळ उत्तर सर्वांत चांगले. खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी काही मोठ्या कंपन्या वेगळी भरती करतात. तिकडेही लक्ष ठेवावे.

येथेच एक सावधगिरीची सूचना. घरबसल्या टायपिंग करून हजारो रुपये मिळवा, अशा जाहिरातींना घरी असलेल्या शिकलेल्या स्त्रियाही बळी पडतात. आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग कामात चुका काढून पैसे देत नाहीत आणि करार मोडल्याचे सांगून कोर्टाची धमकी देतात. नियम एकच : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे मागितले की तेथेच थांबावे. फसवणूक झालीच तर लाज न धरता तात्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

सोयरीक ठरविताना

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. मुलीची नोकरी कंपनीत जितकी सुटते, त्याहून अधिक घरातील बैठकीत सुटते. सोयरीक ठरताना देणे-घेणे, जेवणावळ, हॉल या सर्वांची चर्चा तासन् तास होते. मुलीच्या कामाविषयी मात्र "आमची काही हरकत नाही" एवढ्या वाक्यावर विषय संपतो. हरकत नसणे आणि सोय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नानंतर राहावयाचे कोठे? मूल झाल्यावर पहिली दोन वर्षे कोण सांभाळणार? सकाळच्या स्वयंपाकाचे काय? मुलाची बदली झाली तर काय आणि मुलीची झाली तर काय? हे प्रश्न बैठकीतच मोकळेपणाने बोलले गेले तर पुढची निम्मी भांडणे टळतील.

सासूबाईंनी नातवाला दुपारी चार तास सांभाळले, तर ती केवळ मदत ठरत नाही, तो कुटुंबाच्या मिळकतीतील त्यांचा वाटा होय. तसे मानून त्यांचाही आदर व सोय राखली गेली पाहिजे. पतीने सकाळचा एक तास घरकामास दिला, तर पत्नीची आठ तासांची नोकरी टिकते. हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्याजोगा आहे. आजार, मंदी, नोकरकपात यांपैकी काहीही एका कमावत्या माणसावर येऊ शकते. घरात दुसरी मिळकत असणे हा विम्यापेक्षा मोठा आधार आहे.

आणि ज्या मुलीने चार वर्षे रात्री जागून पदवी घेतली, बापाने कर्ज काढून वसतिगृहाचे पैसे भरले, तिच्या हातचे काम केवळ कोणी विचारले नाही म्हणून बंद पडू नये. तेव्हा घरात राजीनाम्याची गोष्ट निघाली, तर त्या रात्री उत्तर देऊ नका. नेमणुकीचे पत्र काढा, रजेचे नियम वाचा, कागदावर हिशेब मांडा आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज राजीनाम्याचा नव्हे, रजेचा करा.